तपासणारी व्यक्ती: विद्याश्री

माझ्या बायकोला रिकामा रकाना बघवत नाही. बँकेच्या अर्जात शेवटी 'इतर माहिती' म्हणून दोन ओळी सोडलेल्या असतात. जगात कुणीही त्या भरत नाही. विद्याश्री तिथे 'काही नाही' असं लिहिते आणि मगच पेनाला टोपण लावते. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे: आत काय, कधी भरलं, कुणी भरलं. मुलगा शिकायला मंगळूरला गेल्यापासून घरात माणसं दोन. मेतकूट कुणी भरलं हे कळायला चिठ्ठी कशाला हवी, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "दोन माणसं असली की दोघांनाही वाटतं, दुसऱ्यानं बघितलं असेल." यावर मी चहा मागितला.

मी विनोदकुमार. बसवनगुडीत गांधी बाजाराच्या मागच्या रस्त्याला माझं कुकर आणि मिक्सरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शिट्ट्या, गॅस्केट, मिक्सरच्या भांड्यांची पाती. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या आहे की आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे आम्हाला कानडी समजतात आणि आमचं कन्नड ऐकून इथले लोक मराठी समजतात. विद्या मूळची निपाणीची. लग्न होऊन आली ती हातात मोजपट्टी घेऊनच आल्यासारखी. एका रविवारी तिने माझ्या दुकानातल्या सगळ्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी मला माझ्याच दुकानात काही सापडेना, कारण हात सवयीने जायचा आणि डोळे चिठ्ठी वाचायला थांबायचे. त्या चिठ्ठ्या मी एकेक करून, तिला कळणार नाही अशा बेताने काढल्या. तिला कळलंच. आठवडाभर ताक मिळालं नाही.

एका जागी बसणं हा तिचा स्वभाव नाही. खुर्चीवर बसते तीही अर्धी, जणू कुणी आत्ता हाक मारणार आहे. फोनवर बोलताना ती हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून गच्चीच्या जिन्यावर, आणि परत. पूर्वी ती एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहायची. कंपनीने ते काम यंत्रावर सोपवलं आणि हिला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. घरी बसलेली विद्या म्हणजे झाकण उडालेला मिक्सर. तिने कपाटं लावली, ती परत लावली, मग माझ्या मागे लागली. मी देवाकडे मागणं मागितलं की हिला काहीतरी काम दे, पगार नसला तरी चालेल. देवाने माझं मागणं अगदी शब्दशः ऐकलं.

'थंडावा' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. शीतखोल्यांचं तापमान बघणं, वाढलं की यंत्र चालू करणं, बिघडलं की फोनवर कळवणं, ही त्याची कामं. ते कुणाच्या मालकीचं नाही. ज्याला हवं त्याने वापरावं, ज्याला जमेल त्याने सुधारावं आणि सुधारलेलं सगळ्यांना द्यावं, अशी त्यांची रीत. मोठ्या कंपन्यांची यंत्रणा ज्यांना झेपत नाही असे लहान कारखानदार, फुलवाले, दूधवाले ते वापरतात. ते चालवायचं कसं याची पानं इंटरनेटवर होती, तीनशेच्या वर. ती जगभरातल्या हौशी लोकांनी लिहिलेली, आणि हौशी लोकांचं लिखाण कसं असतं ते मी सांगायला नको. कुणी नुसता फोटो लावून मोकळा. कुणी अख्खी कृती एका वाक्यात कोंबलेली. एकाने पहिला परिच्छेद आपल्या गुरूंना वंदन करण्यात घालवला होता. कुठलं पान नव्या आवृत्तीचं, कुठलं जुन्या, कशाचा कशाला पत्ता नाही.

विद्याने हे बघितलं आणि तिच्या अंगात आलं. सगळ्या पानांना एकच साचा हवा, असं तिने त्या लोकांना पटवलं. पान कुणासाठी, कुठल्या आवृत्तीसाठी, सुरुवातीला हाताशी काय हवं, कृती, चुकलं तर काय करायचं. आणि पानाच्या डोक्यावर रकाने: लिहिणारी व्यक्ती, तपासणारी व्यक्ती, तपासल्याची तारीख. ह्या डोक्यावरच्या रकान्यांना ते लोक मेटाडेटा म्हणतात. मी म्हटलं, "म्हणजे डब्यावरची चिठ्ठी." ती म्हणाली, "हो. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्हाला एक गोष्ट पहिल्या फटक्यात कळली."

साचा लोकांना समजावा म्हणून तिने एक नमुना करून दिला. नमुन्यात रकाने मोकळे ठेवले तर लोक मोकळेच ठेवतील, ही तिची भीती. म्हणून तिने ते भरून दिले. तपासणारी व्यक्ती: विद्याश्री. तारीख: त्या दिवसाची. शिवाय कुणीतरी हुशार माणसाने एक छोटी आज्ञावली लिहून दिली. ती सगळी पानं चाळायची, रकाने भरलेले असले तर पानापुढे हिरवा ठिपका, एकही रिकामा असला तर लाल. विद्याचा दिवस त्या ठिपक्यांवर उगवायचा. दात घासताना ती फोन बघायची आणि तोंडात फेस असतानाच सांगायची, "अजून वीस हिरवी झाली." मी हिशोबाला बसलो असेन तर म्हणायचो, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं. मला वाटायचं, बाई खूश आहे, आपल्यालाही ताक मिळतंय, काय वाईट आहे.

जानेवारीत बोम्मसंद्राच्या कारखानदारांनी तिला वर्ग घ्यायला बोलावलं. तिथल्या बऱ्याच लहान कारखान्यांत थंडावा बसवलेलं. मी सोबतीला गेलो, कारण दुकान बंद होतं आणि जेवण मिळणार होतं. समोर सगळे देखभालीचे लोक, हाताला तेल, खिशाला स्क्रूड्रायव्हर. त्यांत एक बाई होती, शिवलीला. चिकोडीकडची, डिप्लोमा केलेली, इडली-डोशाचं पीठ पाकिटांत भरणाऱ्या कारखान्यात देखभाल बघणारी. बेंगळुरात अर्धी घरं आता पीठ विकतच आणतात, तसला कारखाना. विद्या निपाणीची म्हटल्यावर तिने कन्नड सोडून मराठी धरलं आणि दोन वाक्यांत विद्या तिची अक्का होऊन गेली.

वर्गाच्या शेवटी विद्याने सगळ्यांना एक गोष्ट दोनदा सांगितली. मी तिथेच होतो, म्हणून मला शब्द आठवतात. "पान उघडलं की आधी डोक्यावर बघा. तपासणाऱ्याचं नाव आहे का? नाव असेल तरच यंत्राला हात लावा." शिवलीलाने ते आपल्या फोनमध्ये टिपून घेतलं.

मार्चमध्ये एका शुक्रवारी शेवटचा लाल ठिपका गेला. सगळी पानं हिरवी. विद्याने शेवया केल्या. पुण्याहून ह्या लोकांचं काम एकत्र ठेवणारा अभिराज नावाचा मुलगा आहे, त्याचा फोन आला. एक संस्था आपल्या खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत लशी ठेवायच्या खोल्यांसाठी थंडावा घेणार होती आणि त्यांची अट हीच होती की सगळी पानं तपासलेली असावीत. "विद्याताई, तुम्ही एकटीने ओढलंत हे," असं तो म्हणाला. ती बोलताना चक्क खुर्चीवर पूर्ण बसली होती. मला तिचा अभिमान वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं, जे माझ्या हातून क्वचित होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवलीलाचा फोन आला. विद्याने तो स्पीकरवर टाकला, कारण तिचे हात कणकेत होते.

"अक्का, पीठ सगळं गेलं," शिवलीला म्हणाली. आवाज चिडलेला होता, रडका नव्हता. "थंड खोलीतला तापमानाचा सेन्सर बदलले मी. तुमच्या पानावर होतं तसंच बदलले. पडद्यावर चार अंश दाखवत होतं. खोलीत बाहेरच्यासारखी हवा. सकाळी दार उघडले तर पाकिटं फुगून टम्म. काही फुटलीत. भिंतीला पीठ."

"कुठलं पान?" विद्याने विचारलं.

"सेन्सर बदलायचं. डोक्यावर तुमचं नाव बघितले, मगच हात घातले. तुम्हीच म्हटलासा की." मग म्हणाली, "मालक म्हणतात, फुकटचं सॉफ्टवेअर तूच आणलीस, तूच निस्तर. मला ठेवायचं की काढायचं ते सोमवारी सांगतो म्हणालेत. अक्का, मी खरंच काही चुकले का? तेवढंच सांगा मला."

विद्या म्हणाली, "बघून सांगते," आणि कणकेच्याच हातांनी लॅपटॉप उघडला.

पान नीटनेटकं होतं, तिच्या साच्यातलं. फक्त ते जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेलं होतं, आवृत्तीच्या जागी मात्र नमुन्यातली नवीच राहिली होती. जुन्या आवृत्तीत नवा सेन्सर जोडला की त्याचं शून्य आपोआप लागायचं, म्हणजे बर्फाच्या थंडीला आकडा शून्यच दिसेल अशी जुळणी व्हायची. नव्या आवृत्तीत ते माणसाने लावायचं असतं, आणि ती पायरी पानावर नव्हती, म्हणून थंडाव्याला खोली थंडच वाटत राहिली आणि यंत्र चालू झालंच नाही. वर मात्र 'तपासणारी व्यक्ती: विद्याश्री'.

"मी हे पान कधी बघितलंच नाही," ती म्हणाली.

तिने दुसरं पान उघडलं. तिथे तिचं नाव. तिसरं उघडलं. तिथेही. तिचं नाव आणि तीच ती तारीख. मी मागे उभा होतो. मला सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही, पण तारखा कळतात, आयुष्यभर मालाच्या तारखा बघत आलो आहे. मी म्हटलं, "विद्या, ह्या दिवशी सोमवार होता. कडलेकाई परिशे. आपण दुपारपासून शेंगांच्या जत्रेत होतो. बुल टेंपल रोडला तुझी चप्पल तुटली." 

त्या सोमवारी सकाळी तिने नमुना करून पाठवला होता आणि मग आम्ही शेंगा घ्यायला गेलो होतो. लोकांनी तो नमुना जसाच्या तसा उचलला, त्यात आपापली जुनी पानं ओतली, आणि वरचं नाव तसंच राहू दिलं. आज्ञावली बिचारी रकाना भरलाय का एवढंच बघणार. तो भरलेला होता. ठिपका हिरवा. काही थोड्या पानांवर दुसऱ्यांची नावं होती. बाकी सगळ्या थंडाव्याची जामीनदार माझी बायको, आणि तिला पत्ताच नाही.

मी म्हटलं, "ही तुझी चूक नाही. लोक आळशी."

"रकाना मी भरला होता," ती म्हणाली. "मला तो रिकामा बघवला नाही."

त्यानंतर ती जी उठली ती बसलीच नाही. कणीक वाळली. ती हॉलमधून जिन्यावर, जिन्यावरून हॉलमध्ये. मध्येच स्वयंपाकघरात जाऊन धुतलेला पेला परत धुतला. दुपारी अभिराजचा व्हिडिओ कॉल लावला तोही उभ्यानेच, लॅपटॉप फ्रिजवर ठेवून. तिने त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "माझं नाव सगळ्या पानांवरून काढतेय. आत्ता."

अभिराज वाईट मुलगा नाही, पण घाबरला. "ताई, एक मिनिट. ते एक पान फिक्स करू ना आज. बाकीची पुढच्या दोन महिन्यांत बघू, शांतपणे. आत्ता नाव काढलं तर सगळं लाल होईल. ती संस्था बुधवारी बघणार आहे. कुणाला काय कळतंय?"

"शिवलीलाला कळलं."

"ते पीठ होतं, ताई."

"दवाखान्यात पीठ नसतं, अभिराज," ती म्हणाली.  तो म्हणाला, "निदान कारण लिहू नका. नुसतं काढा." ह्या लोकांत प्रत्येक बदल कुणी केला आणि का केला हे कायमचं नोंदलेलं राहतं, कुणालाही वाचता येतं. 'का'चाही रकानाच असतो. विद्या तो रिकामा ठेवील अशी त्या मुलाने आशा धरली, म्हणजे त्याला ती अजून कळलेली नव्हती.

फोन ठेवल्यावर मीही तेच सांगून बघितलं. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. महिनोन्महिने तिने जीव टाकून केलेलं काम, त्याचा एक पैसा नाही, आणि आता तिनेच आपल्या हाताने त्याच्यावर डांबर ओतायचं. मी म्हटलं, "सोमवारी बोम्मसंद्राला जाऊ. त्या मालकाला समजावू. शिवलीलाचं भागलं की झालं. बाकीचं सावकाश कर. स्वल्प थांब."

"सावकाश म्हणजे तेवढे दिवस माझं नाव तिथे," ती म्हणाली. "आणि त्या वर्गात तीस-चाळीस जण होते. सगळ्यांनी ऐकलंय, नाव असेल तर हात लावा. आज कोण हात लावत असेल, काय माहीत. तुम्ही जा हो दुकानात."

मी चिडून दुकानात गेलो. उरलेला दिवस गिऱ्हाइकांवर खेकसलो. एका म्हातारीला तीन लिटरच्या कुकरला पाच लिटरचं गॅस्केट दिलं, ती ते दाखवायला परत आली तेव्हा खणात हात घातला आणि उगाचच वाटलं, चिठ्ठ्या ठेवायला हव्या होत्या. संध्याकाळी घरी आलो तर लॅपटॉपच्या पडद्यावर लालच लाल. कारणाच्या जागी तिने लिहिलं होतं: 'ही पानं मी तपासलेली नाहीत. माझं नाव नमुन्यातून आलं. नाव बघून विश्वास ठेवा असं मीच सांगत होते. ठेवू नका.' खाली तिचं पूर्ण नाव. विद्या अखेर जिन्यावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. मला तिचा राग आलेला होता, तो तिच्या शेजारी बसल्यावर टिकला नाही.

रविवार असाच गेला. जगातून कुणाकुणाचे निरोप येत राहिले, कुणी शाबासकी दिली, कुणी बोल लावला, एकाने विचारलं की मग आजवर तुम्ही करत काय होतात. ती प्रत्येकाला उत्तर देत राहिली, चालत चालत.

सोमवारी सकाळी आर. व्ही. रोडहून पिवळ्या मार्गावरची मेट्रो धरली. डब्यात जागा होती तरी विद्या बोम्मसंद्रापर्यंत दाराशी उभी राहिली. दर स्टेशनला तिला वाटे, आपलं आलं. मी पिशवी धरून बसलो होतो. पिशवीत काय आहे म्हणून बघितलं तर एक साधा थर्मामीटर आणि घरचा स्टीलचा मोठा पेला.

कारखान्यात शिरताच आंबूस वास आला. भिंती धुतल्या होत्या तरी वास गेला नव्हता. शिवलीला दाराशी उभी होती. तिने विद्याला नमस्कार केला, पण हसली नाही. मालक नागराज मधल्या वयाचे, शांत बोलणारे, आणि शांत बोलणाऱ्या मालकांची मला जास्त धास्ती वाटते. बोलणं कन्नडमध्ये झालं. विद्याने प्रस्तावना केलीच नाही.

"शिवलीलानं पानावर होतं तेच केलं," ती म्हणाली. "पान चुकीचं होतं. वर तपासलं म्हणून माझं नाव होतं. मी ते तपासलेलं नव्हतं."

नागराजांनी विचारलं, "मग नाव का घातलंत?"

तिने नमुन्याची हकिगत सांगितली. 

"म्हणजे चूक शिवलीलाची नाही, तुमची."

"हो."

"तुम्हाला ह्या कामाचा पगार मिळतो?"

"नाही."

"मग मी काढू कुणाला?" नागराज म्हणाले. ते विनोद करत नव्हते. हॉटेलं, दुकानं, सगळ्यांकडून त्यांना दोन दिवस बोलणी बसली होती, आणि ती कुणावर तरी उतरवल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. थोडा वेळ त्यांनी धुतलेल्या भिंतीकडे बघितलं. "आज नवीन पीठ भरतोय. उद्या पहाटे गाड्या निघतात. तुम्ही दोघी मिळून ती खोली नीट करा. उद्या पाकिटं फुगलेली दिसली तर हे सॉफ्टवेअर बाहेर आणि शिवलीलाही. मी चांगलं सांगतोय."

मला ते मुळीच चांगलं वाटलं नाही, पण माझं मत कुणी विचारलं नाही. मला कँटीनमधून बर्फ आणायला पाठवलं.

मग मी माझ्या बायकोला तिचं काम करताना पहिल्यांदा बघितलं. घरी ती लॅपटॉपपुढे काय करते ते मला कधी दिसलं नव्हतं, नुसती चालताना दिसायची. इथे शिवलीला एकेक गोष्ट हाताने करत होती आणि विद्या ती जशी घडली तशी लिहीत होती. पेल्यात बर्फ ठेचून घातला, वर थोडं पाणी, सेन्सर त्यात बुडवला. "किती वेळ धरायचा?" विद्याने विचारलं. "आकडा हलायचा थांबेस्तोवर," शिवलीला म्हणाली. विद्याने तेच लिहिलं. मग सॉफ्टवेअरला सांगायचं की हे शून्य. ते सांगायचं बटण पडद्यावर कुठे आहे हे दोघींना लवकर सापडेना, तेव्हा शिवलीला चिडून म्हणाली, "हे असं लपवून कोण ठेवतंय, अक्का?" आणि विद्याने, 'बटण सहज दिसत नाही, उजवीकडे खाली आहे,' हेही पानावर घातलं. मग सेन्सर खोलीत बसवला, शेजारी घरून आणलेला थर्मामीटर टांगला. दोन्ही आकडे जवळ येईपर्यंत आम्ही तिघं त्या खोलीत थांबलो. मला हुडहुडी भरली. त्या दोघी त्या आकड्यांवर वाकल्या होत्या. शिवलीला तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा हसली असावी, मला पाठ दिसत होती.

बाहेर आल्यावर विद्याने पान वाचून दाखवलं. शिवलीलाने मान डोलावली. आता उरला डोक्यावरचा रकाना. शिवलीला म्हणाली, "मी घालते माझं नाव. करून बघितलेय की." तिने लॅपटॉप ओढून घेतला आणि नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं.

विद्याने तिचा हात धरला. "थांब. आज नको."

"का? सगळं बरोबर झालंय."

"आकडे बरोबर आहेत. पीठ अजून रात्रभर राहायचंय," विद्या म्हणाली. तिने ते एक अक्षर खोडलं आणि लॅपटॉप मिटला.

वीस वर्षं संसार केला आहे मी ह्या बाईबरोबर. तिने स्वतःच्या हाताने रकाना रिकामा सोडून उठलेलं मी कधी बघितलं नव्हतं. तिलाही ते झेपत नव्हतं. मेट्रोत ती पिशवीची चेन उघडत होती, लावत होती. सिल्क बोर्ड स्टेशनच्या आसपास तिने फोन काढला, साच्यात तपासल्याच्या तारखेखाली आणखी एक रकाना वाढवला, 'काय बघितलं', आणि नमुन्यात तो रिकामा ठेवला. नाव, तारीख तीही पुसली. मोकळा नमुना बघून तिचा चेहरा असा झाला जसा माझा तिच्या चिठ्ठ्या बघून झाला होता. मी म्हटलं, "लोक भरणार नाहीत." ती म्हणाली, "नाही भरले तर लाल दिसू देत. खरं आहे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सहाच्या आधीच स्वयंपाकघरात उभी होती. पोहे भिजत घातले होते, ते तिने इतके भिजवले की त्यांचा लगदा झाला. फोन ओट्यावर उताणा ठेवलेला. त्याच्याकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि दर मिनिटाला ती ते मोडत होती. मीही दुकानाचं कुलूप शोधायचं सोंग करत तिथेच घुटमळत होतो. बोम्मसंद्राहून फोन आला नाही. निरोपही आला नाही. मग विद्याने हात पुसले आणि थंडाव्याची पानं उघडली. खालपर्यंत लाल ठिपके, आणि त्यांत एकच हिरवा. तिने ते पान उघडून माझ्यापुढे धरलं, कारण तिला चष्म्यातून नीट दिसत नव्हतं. मी मोठ्याने वाचलं.

तपासणारी व्यक्ती: शिवलीला.

काय बघितलं: सकाळी पाकिटं चपटी होती.